पालथ्या पानावरची लव

पूर्वी एक वृद्ध वैद्य एका डोंगराच्या पायथ्याशी राहत होते. ज्यांना त्यांनी पाळण्यात असताना गुटी चाटवली होती, ती माणसे आता नातवंडांना घेऊन त्यांच्या ओसरीवर येत. त्यांच्यापाशी विश्वंभर नावाचा एक शिष्य होता. तो शहरातून आलेला, व्याकरण शिकलेला, पाठांतर चोख. आणि आपल्याला पुष्कळ येते, हे त्याला मनातून ठाऊक होते.

तो आला त्या दिवशी वैद्यांनी त्याला घरामागच्या उतारावर नेले आणि विचारले, "काय दिसतं?"

विश्वंभराने चहूकडे पाहिले. "झाडी आहे. खाली गवत."

"आणखी?"

"आणखी काही नाही, गुरुजी. सगळं हिरवंच आहे."

वैद्य खाली वाकले. पायाशी असलेल्या एका रोपट्याचे त्यांनी नाव सांगितले, त्याचे पान चुरगाळून शिष्याच्या नाकाशी धरले आणि ते घराकडे वळले. त्या दिवशीचा पाठ तेवढाच. विश्वंभराला वाटले, एवढ्यासाठी आपण तीन मुक्काम करून आलो काय. पण दुसऱ्या दिवशी नदीवर जाताना त्याला तेच रोपटे वाटेत सहा ठिकाणी दिसले. कालपर्यंत ते तिथे नव्हते, असेच तो शपथेवर सांगू शकला असता.

मग रोज एक पाठ होऊ लागला. नाव कळले, की ते झाड गर्दीतून एक पाऊल पुढे येऊन उभे राही. पहिल्या वर्षअखेरीस तो उतार त्याला ओळखीच्या माणसांनी भरलेल्या बाजारासारखा वाटू लागला. दोन वर्षांनी तो वाटेने झपझप चालू शकेना, कारण पावलापावलावर कुणीतरी नजर वेधून घेई. चार वर्षांत दोनशेहून अधिक वनस्पती त्याला पानावरून, फुलावरून, नुसत्या डोलण्यावरून ओळखता येऊ लागल्या.

याच काळात वैद्यांची दृष्टी मात्र मंदावत गेली. डोळ्यांवर सायीसारखा पडदा चढला. प्रथम पोथीतली अक्षरे गेली, मग माणसांचे चेहरे गेले, आणि शेवटी उजेड कुठे आणि सावली कुठे एवढेच कळायचे राहिले. तेव्हापासून विश्वंभर त्यांचे डोळे झाला. रोग्याची जीभ कशी आहे, नखांचा रंग कसा आहे, हे तो सांगे. डोंगरावरून पाल्याची जुडी तो आणी. वैद्य ती मांडीवर घेऊन एकेक काडी बोटांनी चाचपत आणि मगच खलाकडे सरकवत. हे चाचपणे विश्वंभराच्या मनाला थोडे लागत असे. चार वर्षांत आपल्या हातून एकदाही चूक झालेली नाही, हे तो जाणून होता. तोंडाने मात्र तो कधी काही बोलला नाही.

एका वर्षी, पावसाळा सरत आला असताना, खालच्या गावातून संतू नावाचा कोष्टी आपल्या बायकोला बैलगाडीत घालून घेऊन आला. तिचे नाव द्वारका. वय तिशीच्या आतबाहेर. ती गाडीत उशांना टेकून बसली होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती.

"तीन दिवस झाले वैद्यबुवा, आडवी होता येत नाही तिला," संतू म्हणाला. "पडली की घुसमटते. बसून डोळा लागतो तेवढाच. घरात सहा महिन्यांचं पोर आहे, माझ्या आईपाशी ठेवलंय. त्याला पाजायलासुद्धा दम उरत नाही."

वैद्यांनी तिच्या पाठीला कान लावला, नाडी पाहिली. मग विश्वंभराकडे वळून म्हणाले, "लवपर्णीचा काढा लागेल. ताज्या पानांचा. घरात आहे ती वाळलेली, तिचा उपयोग नाही."

लवपर्णी विश्वंभराच्या अगदी ओळखीची. लांबट पान, कडेला बारीक दाते, निळसर फूल. आणि पान पालथे केले की खाली पांढरी मऊ लव, वासराच्या कानामागे असते तशी. त्या लवेवरूनच तिला ते नाव पडले होते. ती ओढ्याच्या वळणावर, सावलीत वाढत असे. टोपली घेऊन तो तडक निघाला.

पण ओढ्याच्या वळणावर पोचला तेव्हा तिथे वळण उरलेच नव्हते. आठवड्यापूर्वीच्या पावसात वरची दरड खाली आली होती, आणि लवपर्णीची सारी जागा लाल मातीखाली गेली होती. विश्वंभर क्षणभर तसाच उभा राहिला. द्वारकेच्या गळ्याजवळची ती कातडी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. मग तो खिंड चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरला. तिकडे तो फारसा कधी गेला नव्हता. ऊन डोक्यावर आले. एक ओढा पालथा घातला, दुसरा घातला. आणि तिसऱ्या ओढ्याच्या काठी, कातळाच्या सावलीत, त्याला ती दिसली. लांबट पाने, कडेला दाते, निळी फुले. एकदोन नव्हे, चांगला ताटवा होता. त्याने एक पान उलटून पाहिले, खाली पांढरी लव दिसली, आणि त्याने भराभर टोपली भरली.

तो परतला तेव्हा दुपार कलली होती. ओसरीवर संतू बायकोच्या पाठीशी बसून तिला आधार देत होता. वैद्यांनी तिला गरम पाण्याची वाफ देऊन कसेबसे सांभाळून ठेवले होते. कोपऱ्यात चांगुणा बसली होती. ती शेळ्या राखणारी बाई काढ्यासाठी शेळीचे दूध घेऊन आली होती.

"मिळाली?" वैद्यांनी विचारले.

"मिळाली, गुरुजी. खिंडीपलीकडे जावं लागलं."

"कशी आहे?"

"भरदार आहे. पानं कोवळी आहेत. पाठीमागं लव दाट आहे. फुलं निळी, पाच पाकळ्यांची." हे सांगत सांगतच त्याने खल पुढे ओढला.

वैद्यांनी जुडी मांडीवर घेतली. त्यांची बोटे पहिल्या पानावरून फिरली, दुसऱ्यावरून फिरली आणि थांबली. मग त्यांनी जुडी बाजूला ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "विश्वंभरा, तुझं उपरणं दे."

त्याने दिले. वैद्यांनी त्याला जवळ बसवून ते उपरणे त्याच्या डोळ्यांवर बांधले आणि डोक्यामागे गाठ मारली. संतू बघतच राहिला. विश्वंभराच्या मनात राग उसळला. समोर बाई गुदमरते आहे, औषध हाताशी आहे, आणि म्हाताऱ्याला परीक्षा घ्यायची सुचते आहे.

"गुरुजी, वेळ जातोय."

"जाऊ दे थोडा. हात पुढं कर."

त्याच्या तळहातावर बाजूच्या सुपातले एक पान आले. जाड, रसाळ. "पानफुटी," तो म्हणाला. दुसरे आले, देठाशी जोडलेली लांब बोटांसारखी पाने. "निर्गुडी." तिसरे आले. "बेल." त्याचा आवाज आता कोरडा झाला होता. मग चौथे आले.

त्याने ते अंगठ्याने चाचपले. पुन्हा चाचपले. "लांबट आहे. कडेला दाते आहेत. वरून गुळगुळीत." त्याने पान उलटले. "खालूनही गुळगुळीत. शिरा तेवढ्या वर आल्यात."

"लव?"

"छे. लव अजिबात नाही."

"देठ?"

त्याने देठ बोटांत फिरवला. "चौकोनी आहे. धारा लागतात."

"नाव सांग."

विश्वंभराने पान पुन्हा एकदा उलटसुलट चाचपले. "नाही सांगता येत, गुरुजी. हे आपल्या डोंगरावरचं नाही. असलं पान मी कधी हातात घेतलेलं नाही."

वैद्यांनी गाठ सोडली. "मघापासून दोनशे वेळा घेतलंयस," ते म्हणाले.

विश्वंभराने हातातल्या पानाकडे पाहिले. ते त्याने स्वतः आणलेल्या जुडीतले होते. त्याने ते पालथे केले, आणि त्याला पांढरी लव दिसली. एक क्षण अगदी स्पष्ट दिसली. मग पाहता पाहता ती विरत गेली, आणि तिच्या जागी फिकट हिरवे, उन्हात चकाकणारे, साफ गुळगुळीत पान उरले. चकाकी तेवढी पांढरी होती. त्याने फूल उचलले आणि पाकळ्या मोजल्या. चार होत्या.

त्याने पान आणि फूल खाली ठेवले.

"मी खोटं बोललो नाही, गुरुजी," तो हळू आवाजात म्हणाला. "मी पान उलटून पाहिलं होतं. मला लव दिसली होती."

"दिसली असणार," वैद्य म्हणाले. "त्यात मला शंका नाही."

तेव्हा कोपऱ्यातून चांगुणा पुढे आली. तिने जुडीकडे हात नेला आणि पाने पाहताच मागे घेतला. "हे कशाला आणलं? हिला माझी एक शेळी तोंड लावत न्हाई. मागल्या साली एका करडानं खाल्ली. सांजेपर्यंत पाय झाडून गेलं."

संतूने बायकोला आणखी जवळ ओढले.  विश्वंभराने खल उचलून आत ठेवला आणि ती जुडी परसात नेऊन खड्ड्यात पुरली. 

परत आला तेव्हा वैद्य द्वारकेला सांगत होते, "आजची रात्र वाफेवर काढू, मुली. बसून राहा, बोलू नकोस. उद्या औषध येईल." आणि मग चांगुणेला म्हणाले, "तू उद्या शेळ्या कुठं नेणार?"

"खिंडीपलीकडंच. इकडचा चारा दरडीखाली गेलाय."

"याला बरोबर ने."

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच दोघे निघाले. खिंड ओलांडल्यावर विश्वंभर म्हणाला, "मावशी, तुम्ही पाहताक्षणी ओळखलंत. मला लवपर्णीही तुम्हीच दाखवा."

"ती कसली असती?"

त्याने वर्णन केले. चांगुणेने मान हलवली. "ते काय मला न्हाई सांगता येणार, धाकटे वैद्य. निळ्या फुलाच्या मस जाती हायेत. त्यातली ती कालची सोडली, तर बाकी समदा चाराच की."

"सगळ्या सारख्याच दिसतात?"

"शेळ्या खात्यात ना? मग सारख्याच."

विश्वंभराला आधी हसू आले, पण कालची आपली जुडी आठवताच ते मावळले. ते दोघे खोऱ्यात उतरले. ती शेळ्यांमागून चालत राहिली आणि जिथे शेळ्या ओल्या सावलीत घुसत, तिथे त्याला हाक मारीत राहिली. तो जाऊन एकेक रोपटे पाही. निळे फूल दिसले की आतून नाव तत्काळ ओठांवर येई. तो ते तिथेच थांबवी, पाकळ्या मोजी, देठ बोटांत फिरवी, आणि डोळे मिटून पानाच्या पालथ्या बाजूवर अंगठा ठेवी. सात ठिकाणी तो रिकाम्या हाताने उठला. आठव्या ठिकाणी, एका पडलेल्या झाडाच्या बुंध्याआड, अंगठ्याखाली मऊ लव लागली. पाचच रोपे होती. त्याने तीन घेतली, दोन ठेवली.

दुपारच्या आत काढा झाला. द्वारकेने तो दोन दोन घोट करीत घेतला. त्या संध्याकाळी फारसा फरक पडला नाही, आणि विश्वंभर ओसरीवरून हलला नाही. तिसऱ्या दिवशी ती एकाच उशीला तिरकी टेकली. सहाव्या दिवशी आडवी झोपली आणि चार तास उठली नाही. संतू मधून मधून तिच्या नाकाशी बोट धरून पाहत होता. दहाव्या दिवशी गाडी परत गेली.

गाडी वळणाआड गेल्यावर विश्वंभर गुरूंपाशी येऊन बसला. इतके दिवस जे मनात घोळत होते, ते त्याने विचारले.

"गुरुजी, मी इथं आलो त्या दिवशी ते पान मला दाखवलं असतं, तर मला त्यावर लव दिसली नसती. तेव्हा मला काहीच येत नव्हतं. मग हे शिकून मी डोळे मिळवले की घालवले?"

वैद्यांनी उन्हाकडे तोंड वळवले. मग म्हणाले, "तू आलास तेव्हा तुला ते पान दिसलंच नसतं. ते हिरव्यात हिरवं होऊन राहिलं असतं. मी तुला नावं दिली, आणि एकेक झाड तुला दिसू लागलं. ते काम नावांनीच केलं; त्यांना दोष देऊ नकोस. पण नाव मनात पक्कं बसलं, की त्याला घाई होते. डोळा पानावर जेमतेम टेकलेला असतो, तोवर नाव उरलेलं पान स्वतःच भरून टाकतं. दाते दिसले, निळं फूल दिसलं. मग लव नावानंच आणून दिली. त्यात तुझ्या मनात ती बाई गुदमरत होती. गरज असली की नावाची घाई आणखी वाढते."

"चांगुणाबाईला मात्र चटकन दिसलं. तिला तर कुणी काही शिकवलेलं नाही."

"तिला शेळ्यांनी शिकवलंय. लवपर्णी तिला सापडली का?"

"नाही. तिच्या लेखी तो चारा."

"बघ म्हणजे. ज्यानं त्यानं जे शिकलं, तेवढं त्याला उठून दिसतं, आणि बाकीचं मागं सरतं. तुझं तसंच, तिचं तसंच. माझे डोळे चांगले होते, तेव्हा माझंही तसंच होतं. हे पान मीसुद्धा आयुष्यात कधी पाहिलेलं नाही. आता मी नाव घेण्याआधी बोटांनी चाचपतो, म्हणून फसलो नाही, एवढंच."

"मग नावं सोडून द्यावीत का?"

"सोडलीस तर औषध कशाचं करशील?" वैद्य म्हणाले. "नाव घ्यावं, आणि घेतल्यावर पान एकदा असं पाहावं, जणू ते आपल्याला ठाऊक नाही. दोन्ही करावं लागतं. एकानं भागत नाही."

विश्वंभराने पोथी काढली आणि नव्या वनस्पतीची नोंद करायला बसला. सवयीने त्याने आधी नावाची जागा आखली. मग ती तशीच मोकळी ठेवून खाली लिहू लागला. पान कसे, देठ कसा, पाकळ्या किती, कुठे वाढते, शेळ्या काय करतात, करडाचे काय झाले. हे सगळे लिहून झाल्यावर त्याने नाव घातले: चौपाकळी.

महिनाभराने तो घरामागच्या उतारावर गेला होता. तिथे एका सपाट दगडावर बसून तो नेहमी जुड्या निवडीत असे. त्या दिवशी दगडाच्या मागच्या बाजूला त्याला चौपाकळी दिसली. एक नव्हे, ओळीने अकरा रोपे. फुले गळून गेली होती, पण देठ चौकोनी होते. काही रोपांचे बुंधे जुने झालेले, जाड, कित्येक पावसाळे पाहिलेले. चार वर्षे तो त्यांच्याकडे पाठ करून बसत आला होता, आणि त्यांनी एकदाही त्याची नजर अडवली नव्हती. त्याने जुडी बांधणे थांबवले. या उतारावर अजून काय काय उभे असेल, याचा विचार करीत तो बराच वेळ तिथे बसला. मग हातातली प्रत्येक काडी पुन्हा एकदा तपासून तो खाली उतरला.

घरी ओसरीवर शेजारच्या गावचा एक कुंभार वाट पाहत होता. विश्वंभर पाय धुऊन येतो न येतो तोच तो सांगू लागला, "मला वात झालाय, महाराज. आमच्याकडं सगळे तेच म्हणतात. आमच्या गावच्या वैद्यांनीही तेच सांगितलं. वातावरचं काय असेल ते द्या, म्हणजे मी निघतो."

आत वैद्यांनी कुंभाराचा आवाज ऐकला आणि भिंतीला हात लावून ते उठू लागले.

"ते असू द्या," बाहेर विश्वंभर म्हणत होता. "तुम्ही आधी बसा. सकाळी उठता तेव्हा नेमकं काय होतं, ते मला सांगा. पहिलं पाऊल टाकता तिथपासून."

कुंभार गोंधळला, थोडा थांबला, आणि मग सावकाश सांगू लागला. वैद्यांनी दोन वाक्ये ऐकली, आणि भिंतीवरचा हात काढून ते पुन्हा आपल्या जागी बसले.

आपणही दिवसभर वस्तूंची आणि माणसांची नावे घेत पुढे जात असतो. त्यांतली किती आपण उलटून पाहिली, हे ज्याचे त्याने पाहावे.